अंजीर वाळवा, पण आधी तो हप्ता थांबवा

प्रश्न: मी 60 वर्षांची, राहायला गोरेगावला. जानेवारीत खाजगी कंपनीतून निवृत्त झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 22 लाख आले. सासवडला मावसभावाची अंजिराची बाग आहे, तो 120 रुपये किलोने माल द्यायला तयार आहे. घरी वाळवून विकायचा विचार आहे. दुकानात सुकं अंजीर 1200 रुपये किलो आहे. 10 ट्रेचं ड्रायर मशीन 38 हजारांना मिळतंय, ते घ्यावं का? पैशांची अडचण नाही. बँकेतल्या मॅडमनी 3 लाख गॅरंटीड योजनेत ठेवून दिलेत, 40 टक्के फायदा आहे. दर वर्षी तेवढे भरायचे आहेत, ते अंजिरातून सुटतील असा अंदाज आहे. बाकीचे 19 लाख सेव्हिंग खात्यात आहेत. यजमानांचं पेन्शन 18 हजार, घरखर्च 28 हजार. ऑफिसचा मेडिक्लेम संपला, पण दोघांची तब्येत ठणठणीत आहे. पॉलिसीचं पुस्तक 6 तारखेला आलं.

उत्तर: ताई, मशीनचं नंतर बोलू. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य शेवटचं आहे आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय.

मॅडमची ती 'गॅरंटीड योजना' म्हणजे आयुर्विमा आहे, आणि आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि जितके दिवस विमा चालू होता तितक्या दिवसांचा जोखमीचा हप्ता, एवढंच कापून बाकी पैसे परत येतात. तुमच्या 3 लाखांतले फार तर काही हजार जातील. 30 दिवस उलटले की हा दरवाजा बंद. पुस्तक घरी 6 तारखेला आलं असलं तरी पॉलिसीची पीडीएफ मेलवर त्याआधी आली आहे का ते आजच बघा, आणि आली असेल तर दिवस त्या तारखेपासून मोजा. तुम्हाला मेल मी आधीच केला आहे. इथे सविस्तर लिहितोय ते इतरांसाठी, कारण मार्च जवळ आला की बँकांमधल्या टार्गेटचा मोसम सुरू होतो आणि नुकतेच निवृत्त झालेले लोक म्हणजे त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक.

आता तो 40 टक्के फायदा. तुम्ही पाठवलेल्या पानावर लिहिलंय: वर्षाला 3 लाख, 10 वर्षं, आणि बारावं वर्ष संपल्यावर 42 लाख. 30 चे 42 झाले म्हणून मॅडम 40 टक्के म्हणाल्या. गणित खोटं नाही, फक्त त्यातून वर्षं गाळलीत. हप्ते टप्प्याटप्प्याने जातात, त्यामुळे तुमचा प्रत्येक रुपया सरासरी साडेसात वर्षं अडकतो. त्या हिशेबाने व्याज पडतं वर्षाला साडेचार टक्के. यासाठी 'गॅरंटीड' असा ठळक शब्द छापायचा म्हणजे कमालच आहे.

आणि हे पैसे तुमच्या हातात येणार बहात्तराव्या वर्षी. तोवर? 19 लाखांतून सहा हप्ते भरता येतील, सातव्याला खातं रिकामं. खर्च 28 हजार, पेन्शन 18 हजार, म्हणजे दर महिन्याचा 10 हजारांचा खड्डाही त्याच खात्यातून भरायचा. खरं तर पाचव्या हप्त्यालाच दम लागेल. मधेच सोडलीत तर आताच्या नियमांनुसार एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तर थोडंफार परत मिळतं, पण सुरुवातीच्या वर्षांत कात्री मोठी लागते.

विमा म्हणून तरी उपयोग आहे का? मुलं कमावती आहेत असं तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलंय. तुमच्या पगारावर आता कोणी अवलंबून नाही, कारण पगारच नाही. मग आयुष्याचा विमा कशासाठी उतरवायचा?

करायचं काय, तर एक पानी अर्ज. पॉलिसी नंबर, पॉलिसी मिळाल्याची तारीख, 'फ्री लुकमध्ये रद्द करत आहे, कारण 40 टक्के फायदा सांगताना त्याला बारा वर्षं लागतात हे सांगण्यात आलं नाही', सही, रद्द केलेला चेक. अर्ज विमा कंपनीकडे द्या, बँकेच्या मॅडमकडे नाही. कंपनीच्या शाखेत नेऊन पोच घ्या, शिक्का आणि तारीख नीट उमटलीय ना ते तिथेच बघा, आणि तोच अर्ज मेलनेही पाठवा. मग फोन येतील. 'आमचे साहेब बोलतील, दोन दिवस थांबा', 'पुढच्या महिन्यात बोनस आहे', 'आता काढलं तर लॉस होईल.' ते दोन दिवस कशासाठी हवेत हे आता तुम्हाला कळलंच असेल. कंपनीने टोलवाटोलवी केली तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' या तक्रार पोर्टलवर लिहा. महिन्याभरात निकाल लागला नाही तर सांताक्रूझ पश्चिमेला विमा लोकपालाचं कार्यालय आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

पैसे परत आले की 22 लाखांतले 18 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. पोस्टात किंवा बँकेत खातं उघडतं, मुदत 5 वर्षं, सध्या 8.2 टक्के. दर तिमाहीला साधारण 36,900 रुपये खात्यात येतील, महिन्याला बारा हजारांच्या वर. पेन्शन धरून 30 हजार झाले, खर्च 28. उरलेले 4 लाख थोडे सेव्हिंगमध्ये, थोडे एफडीत. अडीअडचणीला तेच.

त्या 4 लाखांतला पहिला खर्च मशीनचा नाही, मेडिक्लेमचा आहे. साठीनंतर हप्ता झोंबतो, मान्य. पण 'तब्येत ठणठणीत आहे' हे पॉलिसी न घेण्याचं कारण नाही, ती आत्ता घेण्याचं कारण आहे. उद्या साखर निघाली की हप्ता वाढेल, वर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

आता अंजीर. पुरंदरच्या, म्हणजे सासवडच्या भागातल्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, माल उत्तमच. पण तुम्ही 120 ला घेऊन 1200 ला विकायचा हिशेब मांडलाय, त्यातून पाणी काढायचं राहिलं. ताज्या अंजिरात 80 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. चार किलो वाळवलं तर हाती एक किलो येतं. सासवडहून गोरेगावला येईपर्यंत फुटलेली, आंबलेली बाजूला काढलीत तर साडेचार किलो धरा: 540 रुपये. मशीन 60 अंशांवर दिवसभर चालणार, किलोमागे वीज 120. डबे-पिशव्या 40. झाले 700.

आणि 1200 तुम्हाला मिळणार नाहीत. मशीद बंदरला माळेत ओवलेलं जे अंजीर मिळतं ते बहुतेक अफगाणिस्तानातून येतं, मोठं, मांसल, गोड. आपलं पुरंदरचं पातळ सालीचं, ताजं खाण्याचं फळ. घरी गंधकाशिवाय वाळवलेलं काळपट आणि चिवट होतं. चवीला छान, पण गिऱ्हाईक दोन्ही शेजारी ठेवून बघतं. सोसायटीत हजाराने गेलं तरी खूप झालं. किलोमागे सुटले 300, त्यात तुमच्या मेहनतीचा पैसा धरलेला नाही. एका घाण्यात 8 किलो ताजं, म्हणजे दोन किलो सुकं. मीठा बहार, म्हणजे अंजिराचा उन्हाळी हंगाम, मार्च ते मे, महिन्याला 15 घाणे, तीन महिन्यांत 90 किलो. नफा 27 हजार. पहिल्या वर्षी मशीनचे पैसेही निघत नाहीत. 3 लाख सुटायला हजार किलो सुकं लागेल, म्हणजे साडेचार टन ताजं अंजीर, वन-बीएचकेत!

हौस असेल तर जरूर करा, पण चार किलोपासून. मशीन कोणाचं तरी उसनं आणा किंवा पाच ट्रेचं लहान घ्या. फळ देठासकट धुवून पुसा, उभं दोन भाग करा, कापलेली बाजू वर ठेवून जाळीवर एकमेकांना न चिकटता मांडा. दाबल्यावर रस येता कामा नये, पण वाकवलं तर तुटायलाही नको. गच्चीच्या उन्हाच्या भरवशावर राहू नका, मुंबईच्या दमट हवेत आत ओल राहते आणि बुरशी आतून धरते. एखाद्या तुकड्यावर ती दिसली तर तेवढाच काढून बाकीचं विकू नका, अख्खा डबा फेका. शेजाऱ्यांना फुकट वाटू नका, पहिल्याच किलोचे पैसे घ्या, मग कळेल परत कोण मागतं. विकायला सुरुवात करण्याआधी एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागेल. आणि जे काही कराल ते जूनच्या आत विकून मोकळ्या व्हा, पावसाळ्यात शिलकीचा माल फ्रिजमध्येच ठेवावा लागेल.