६२५ पैकी ५५१, आणि म्हणे आर्ट्स!

पत्र : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमची विटांची भट्टी आहे. मुलीला एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, मराठी माध्यमातून ६२५ पैकी ५५१ गुण पडले. सायन्सला सहज प्रवेश मिळेल, पण ती आर्ट्सच घेणार म्हणून हटून बसली आहे. शाळेची सहल हलशी या जुन्या गावाला गेली तेव्हापासून हे खूळ शिरलंय. पणजोबांच्या ट्रंकेतले मोडी कागद काढून रात्री अक्षरं गिरवत बसते. मेहुणे म्हणतात, आर्ट्स म्हणजे लग्न ठरेपर्यंतचा टाइमपास. पोटाला लागणार नसतील तर हे विषय कॉलेजात ठेवलेत तरी कशाला? – एक वडील

नमस्कार.

शेवटचा प्रश्न तुम्ही वैतागून लिहिलाय हे कळतंय, पण उत्तर त्यालाच द्यायचं आहे. आणि ते तुमच्या ट्रंकेतच सापडेल असं वाटतं.

बेळगावच्या कोर्टात वकिली करणारा माझा एक मित्र आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे भाऊबंदकीचा दावा आला. मुख्य पुरावा काय, तर चार घड्या घातलेला, कडा तुटलेला एक मोडी कागद. सोबत कुणा जाणत्याने करून दिलेली देवनागरी नक्कल, त्यात साफ लिहिलेलं, ‘खरेदी’. मित्राने मूळ कागद इतिहासात एम.ए. करणाऱ्या एका मुलीला दाखवला. मोडीत शब्द सुटे नसतात, ओळ एका दमात पळते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळजवळ नाहीच. ती भिंग घेऊन तासभर बसली. मग म्हणाली, ‘खरेदीच्या आधी आणखी एक शब्द आहे. मुदत.’ मुदत खरेदी! खाली अटही होती, अमुक वर्षांत रक्कम फेडली तर जमीन परत. शके १८१२ चा कागद, म्हणजे ७८ मिळवले की १८९०. सव्वाशे वर्षांनी एका शब्दावर दोन घरांचं शेत अडलेलं. दावा अजून चालू आहे, काय व्हायचं ते होईल. पण त्या मुलीने नंतर वकिलाला जे विचारलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. नक्कल कुणी केली? कुणाच्या सांगण्यावरून? शब्द वाचता आला नाही म्हणून गळला, की गाळला?

कॉलेजात इतिहास, भाषा, समाजशास्त्र ठेवलेत ते एवढ्यासाठी. समोर आलेला कागद कुणाचा, कुणासाठी लिहिलेला, त्यात काय नाही, हे विचारायची सवय लागावी म्हणून. आयआयटीतसुद्धा इंजिनिअर होणाऱ्या पोरांना मानव्यविद्येचे विषय घ्यावे लागतात, ते काही हौस म्हणून नव्हे. आणि आपल्या भागाला तर ही सवय फारच हवी. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल चहाच्या गाड्यावर सगळ्यांना पाठ असतो, तो उघडून वाचलेला माणूस मात्र मला क्वचितच भेटलाय. दोन्ही बाजूंनी.

हलशीने मुलीला वेड लावलं यात नवल नाही. कदंब राजांची जुनी नगरी पलाशिका ती हीच. तिथे सापडलेले ताम्रपट संस्कृतातले, त्यांतली दानं जैनांना दिलेली. गावात देऊळ भूवराह नरसिंहाचं. आज तिथल्या घरांतून मराठी ऐकू येते आणि सरकारी पाटी कन्नड. एवढं सगळं एका गावात बघून पंधरा वर्षांच्या पोरीला प्रश्न पडले नसते तर मी काळजी केली असती.

आता पोटाचं बोलू. मेहुण्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण अर्धं खरं आहे. आपल्याकडे बऱ्याच जणांचं बी.ए. तसंच होतं. वर्षभर कॉलेजचं तोंड बघायचं नाही, परीक्षेच्या पंधरा दिवस आधी गाइड आणायचं, पाच प्रश्न पाठ करायचे. असल्या पदवीला बाजारात किंमत नाही आणि ती नसावीही. मुलगी तसं करणार असेल तर सायन्सच काय, तुमच्या भट्टीचा हिशेब ठेवणंही बरं.

मात्र सायन्सला ढकलून हा प्रश्न सुटत नाही. माझीच चूक सांगतो. मुलांना शिक्षणाचा सल्ला देण्याच्या या धंद्यात नवा असताना एका मुलाचे गुण बघून मी त्याला सायन्स घ्यायला लावलं. तो हो म्हणाला, कारण वडील शेजारी बसले होते. दुसऱ्या पीयूसीला, म्हणजे बारावीला, फिजिक्समध्ये अडकला, दोन वर्षं गेली, शेवटी बी.ए.लाच आला, तोही हिरमुसून. तेव्हापासून मुलाशी बोलताना मी पालकांना बाहेर चहाला पाठवतो.

एक दार बंद होतं ते डोळे उघडे ठेवून बंद करा. पीयूसीला आर्ट्स घेतलं की मेडिकल-इंजिनिअरिंगला सहजासहजी परत फिरता येत नाही. सायन्सवरून पुढे बी.ए.ला येता येतं. हे मुलीला सांगा, एकदाच आणि शांतपणे. रोज जेवताना नको.

तरी ती ठाम असेल तर विषय नीट निवडा. पीयूसीला दोन भाषा आणि चार विषय. एक भाषा मराठी राहू दे. इतिहासाबरोबर अर्थशास्त्र हवंच, आणि कॉलेजात असेल तर भूगोल. सोपे म्हणून गुण देणारे विषय भरू नका. नंतर हात आकड्यांना घाबरला की बऱ्याच वाटा आपोआप बुजतात. पीयूसीनंतर पाच वर्षांचं बी.ए. एलएल.बी. आहे. साधं बी.ए. केलं तर ते कर्नाटकात २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांचं झालंय. मग दोन वर्षांचं बी.एड. करून हायस्कूल. किंवा एम.ए., त्यानंतर नेट ही देशपातळीची अथवा केसेट ही कर्नाटकची प्राध्यापक-पात्रता परीक्षा, आणि कॉलेजात शिकवणं. यात एक खड्डा आहे तो आधीच दाखवतो. नेट पास होऊनही वर्षानुवर्षं अतिथी व्याख्याते म्हणून तुटपुंज्या मानधनावर राबणारे लोक मी रोज बघतो. म्हणून प्राध्यापकी हीच एक आस धरू नये. पुरातत्त्व आणि भाषाशास्त्राला पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. जुनी कागदपत्रं पाहायची तर कोल्हापूरचं पुराभिलेखागार तुम्हाला एका दिवसात जाऊन येण्यासारखं. यूपीएससीला मराठी साहित्य हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय घेता येतो, पण त्या नादाने धारवाड किंवा पुण्यात खोली घेऊन पाच-पाच वर्षं काढू देऊ नका.

आता जरा नाजूक मुद्दा. तिचं कन्नड कसं आहे? पत्रात तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही, त्यावरून अंदाज येतोच. केपीएससीच्या, म्हणजे कर्नाटकच्या लोकसेवा आयोगाच्या, वाटेने जायचं तर कन्नडचा पेपर पास व्हावा लागतो. महाराष्ट्राकडे बघायचं असेल तर तिथल्या अनेक सरकारी भरतींत महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतले मराठी उमेदवार चालतात, फक्त विहित नमुन्यातला दाखला लागतो. तुमचं गाव त्या यादीत आहे का ते आत्ताच बघून ठेवा. पण कन्नड शिकायचं ते निव्वळ नोकरीसाठी नव्हे. आपल्याकडचे शिलालेख हळेकन्नडात, म्हणजे जुन्या कन्नडमध्ये, जुने खासगी कागद मोडीत, आजचा जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, हायकोर्टातले निकाल इंग्रजीत. हे चारही वाचू शकणारी माणसं मला बेळगावात बोटावर मोजण्याइतकीच माहीत आहेत. पुण्यातल्या मुलीला हे जमायला आयुष्य जाईल. तुमच्या मुलीला मराठी घरात मिळालं, कन्नड बाजारात मिळतंय. धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे आठवा. घरची भाषा मराठी, कविता कन्नड, १९७३ चं ज्ञानपीठ, आणि नोकरी केली ती सोलापूरच्या कॉलेजात. कन्नड घेतलं म्हणून त्यांची मराठी कुठे गेली नाही. भावना मला कळतात, मीही इथलाच आहे. पण भाषेवर राग धरला तर त्यात नुकसान तिचं आहे.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. डोनेशनचे पैसे वाचतील त्यातले थोडे बाजूला ठेवा. कोल्हापूरचा एसटी पास, एक बरं भिंग, आणि दर महिन्याला एक पुस्तक, गाइड सोडून. मेहुण्यांना सांगा की लग्नाचं पुढचं पुढे.

प्रवेशाचे फॉर्म सुटायच्या आत तिला घेऊन या, शनिवारी दुपारी मी मोकळा असतो. तुम्हाला बाहेर चहाला पाठवणार हे धरूनच या. ट्रंकेतला एखादा कागद सोबत आणा, मोबाइलवरचा फोटो नको. दोन कोऱ्या पुठ्ठ्यांत सपाट ठेवून आणा, घडी पडली असेल तर जोर लावून उलगडू नका. आणि कुणी कितीही सांगितलं तरी त्याचं लॅमिनेशन करू नका.