तिकीट तीनशे वीसचं, बिल अडीच हजारांचं

सिनेमाच्या खर्चाबद्दल आलेल्या पत्रांतली ही काही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं आणि दोन मुलं सिनेमाला गेलो. ॲपवर तिकीट 320 रुपये दिसत होतं, खात्यातून गेले 1445. मध्यंतरात पॉपकॉर्नचे दोन टब आणि दोन कोल्ड्रिंक घेतली, त्याचे 1100. स्क्रीनशॉट सोबत पाठवतेय. आमचं चुकलं कुठे? (गृहिणी, कोथरूड)

उत्तर : चुकलं असं नाही, पण सगळ्यात महाग वार, सगळ्यात महाग वेळ आणि सगळ्यात महाग खाऊचं दुकान एकाच संध्याकाळी गाठलंत. चार तिकिटांचे 1280, जीएसटी त्यातच. वरचे 165 रुपये म्हणजे कन्व्हिनियन्स फी, ॲपवरून घरबसल्या तिकीट काढण्याच्या सोयीचे पैसे. पैसे भरण्याच्या पानावर त्या ओळीशेजारी एक छोटा बाण असतो, तो दाबला की फोड दिसते. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये तिकिटामागे 35 रुपये फी, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 41 रुपये 30 पैसे, आणि हे चारदा. बुकिंग एकच, मेसेज एकच, दारात दाखवायचा कोडही एकच. फी मात्र डोकी मोजून. मला हे कधीच पटलेलं नाही. काही ॲपवर त्याच पानावर तिकिटामागे रुपयाभर देणगीही आपोआप जोडलेली असते. द्यायची तर खुशाल द्या, पण आपण देतोय हे माहीत असू द्या.

आता ते 1100. तिकिटाचे पैसे थिएटरवाल्याच्या एकट्याच्या खिशात जात नाहीत. 2009 मध्ये निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात मोठं भांडण झालं, दोन महिने नवे हिंदी सिनेमे लागले नाहीत, आणि शेवटी वाटणी ठरली : कर वजा जाता पहिल्या आठवड्यात 50 टक्के वितरकाला, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे 30. पॉपकॉर्नमध्ये असा वाटेकरी कोणी नाही. म्हणून तिकिटावर सूट मिळते तेव्हाही पॉपकॉर्न आहे त्याच भावाने विकलं जातं. चार माणसांत दोन टब लागतातच असं नाही. एक मोठा घ्या, आणि जेवूनच निघा. घरून निघतानाची पोळीभाजी हा या खात्यातला सगळ्यात मोठा डिस्काउंट आहे.

तिकिटापुरतं सांगायचं तर तोच सिनेमा त्याच थिएटरात रविवारी सकाळच्या पहिल्या खेळाला बघा. मुलांना सुट्टी असते, आणि बहुतेक ठिकाणी तो संध्याकाळपेक्षा चांगलाच स्वस्त असतो. पुढच्या रांगांचं तिकीट आणखी कमी. मुलांना पुढे बसायला आवडतंच, मान आपली दुखते. खेळ निवडताना पडदा कुठला आहे तेही बघा : रिक्लायनर, थ्रीडी, आयमॅक्स असं काही नावापुढे असेल तर त्याचे पैसे वेगळे. आणि धाकटं तीन वर्षांच्या आतलं नसेल तर मल्टिप्लेक्समध्ये साधारणपणे पूर्ण तिकीट लागतं, मांडीवर बसवून भागत नाही.

प्रश्न : ही कन्व्हिनियन्स फी सरकारने बंद केली होती ना? मग तक्रार कुठे करायची? (बँक कर्मचारी, ठाणे)

उत्तर : बंद केली होती, हे खरं. 2013 आणि 2014 मध्ये राज्य सरकारने ऑनलाइन तिकिटावर अशी फी घ्यायला मनाई करणारे आदेश काढले होते. ते न्यायालयात गेले आणि जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले. अशी बंदी घालायला कायद्याचा आधार नाही, आणि घरबसल्या तिकीट काढायचं की खिडकीवर जायचं हे ग्राहकाच्या हातात आहे, असा त्यातला मुद्दा. त्यामुळे तक्रारीत दम राहिलेला नाही.

उरते खिडकी. ती वापरा. ॲप फक्त बघण्यासाठी उघडा : कुठल्या खेळाला किती जागा रिकाम्या आहेत ते दिसतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी अर्धं थिएटर मोकळं दिसत असेल तर सरळ जाऊन तिकीट काढा. घर किंवा ऑफिस थिएटरच्या वाटेवर असेल तर शनिवार-रविवारचं आगाऊ तिकीटही जाता-येता खिडकीवरून काढता येतं. मात्र त्यासाठी मुद्दाम रिक्षा केलीत तर वाचलेले पैसे मीटरवर गेले.

प्रश्न : छत्रपती संभाजी महाराजांवरच्या सिनेमाला मध्य प्रदेश आणि गोव्यात टॅक्स फ्री केलं, आपल्याकडे का नाही? पूर्वी मराठी सिनेमाच्या पोस्टरवर 'करमुक्त' लिहिलेलं असायचं. (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : सर, तुम्हाला आठवतोय तो करमणूक कर. महाराष्ट्रात तो मोठ्या शहरांत 45 टक्क्यांपर्यंत होता आणि मराठी सिनेमाला त्यातून सूट होती. 'करमुक्त' या शब्दाला तेव्हा खरंच वजन होतं. 2017 मध्ये जीएसटी आला आणि हा कर राज्य सरकारने काढून टाकला. फेब्रुवारी 2025 मध्ये हीच मागणी झाली तेव्हा मुख्यमंत्री फडणवीसांनी हेच उत्तर दिलं : जो कर राहिलाच नाही तो माफ काय करणार?

आता एखादं राज्य सिनेमा टॅक्स फ्री करतं म्हणजे जीएसटीतला आपला अर्धा वाटा सोडतं. 200 रुपयांच्या तिकिटावर 18 टक्के, म्हणजे 36 रुपये जीएसटी. त्यातले 18 राज्याचे. 236 चं तिकीट 218 ला पडेल, तेही थिएटरवाल्याने मूळ दर वाढवला नाही तर. बातमी मोठी, बचत चहाएवढी.

खरा फरक 22 सप्टेंबर 2025 पासून पडलाय, पण तो फक्त 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला : 12 टक्क्यांचा जीएसटी 5 टक्के झाला. शंभराच्या वर 18 टक्के तसाच आहे. तालुक्याच्या टॉकीजला याचा फायदा, मल्टिप्लेक्सच्या शनिवारच्या गर्दीला शून्य.

प्रश्न : बाळाचं खाणं दारात अडवलं. पाण्याची बाटलीही काढून घेतली आणि आत तीच दुप्पट किमतीला. हे चालतं का? (नाशिक)

उत्तर : बाळाचं अडवणं चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 3 जानेवारी 2023 रोजी सांगितलं की बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा अधिकार थिएटरला आहे. पण तान्ह्या मुलासाठी पालकांनी आणलेलं बेताचं खाणं अडवू नये, आणि प्रेक्षकांना शुद्ध पिण्याचं पाणी फुकट मिळालं पाहिजे. दारातल्या पोऱ्याशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. मॅनेजरला बोलवा आणि शांतपणे ही तारीख सांगा. फुकट पाण्याची सोय बहुधा स्वच्छतागृहाशेजारच्या कोपऱ्यात असते, विचारल्याशिवाय कोणी दाखवत नाही. बाटली विकतच घेतली तर छापील किंमत बघा आणि बिल मागून घ्या. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915.

प्रश्न : कर्नाटकात 200 रुपयांच्या वर तिकीट नाही म्हणे. आम्ही निपाणीला जाऊन सिनेमा बघावा का? (कागल)

उत्तर : नको. सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या सरकारने कर सोडून 200 रुपयांची मर्यादा घातली खरी, पण त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. आणि कोल्हापूर तुम्हाला तेवढंच जवळ आहे.

प्रश्न : महिन्याचा पास घेतला तर परवडेल का? आणि कार्डावरच्या 'एकावर एक फ्री' चं काय? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : पास तुमच्यासारख्यांसाठीच असतात. ऑक्टोबर 2023 मध्ये पीव्हीआर आयनॉक्सने असा पास आणला तेव्हा 699 रुपयांत महिन्याला दहा सिनेमे होते, पण सोमवार ते गुरुवारच, दिवसाला एकच, आणि आयमॅक्स किंवा आलिशान पडदे वगळून. पुढे कमी सिनेमांचा कमी किमतीचा पासही आला. अटी बदलत राहतात, म्हणून घेण्याआधी तीन गोष्टी वाचा : कुठले वार, किमान किती महिने, आणि फी वेगळी पडते का. मग गेल्या सहा महिन्यांत आपण आठवड्याच्या मधल्या दिवसांत किती सिनेमे पाहिले ते आठवा. पुढे किती बघणार हे आठवू नका. त्या आकड्यावरच पासवाल्यांचं पोट चालतं. सिनेमे तेवढे नसतील तर मंगळवारचे सवलतीचे खेळ पुरतात. आधी एखाद्या मंगळवारी तुमच्या जवळच्या थिएटरचा दर बघा, मग पास.

कार्डाची सवलत चांगली, पण दुसऱ्या तिकिटाला कमाल रकमेची मर्यादा असते आणि फी दोन्ही तिकिटांवर लागते. निव्वळ सिनेमासाठी वार्षिक फीचं क्रेडिट कार्ड घेणं हा वेडेपणा आहे.

प्रश्न : तुम्ही एरवी 'थोडं थांबा, स्वस्तात बघा' म्हणता. मराठी सिनेमा थांबलो की उतरतो. मग? (दादर)

उत्तर : अगदी बरोबर, आणि म्हणूनच मराठी सिनेमाला तो सल्ला लागू नाही. वर सांगितलेली वाटणी बघितलीत तर दुसऱ्या आठवड्यात थिएटरला वाटा जास्त मिळतो, पण रिकाम्या खुर्च्यांचा वाटा घेऊन त्याला करायचंय काय? शुक्रवारी मोठा हिंदी सिनेमा आला की मराठीचा खेळ दुपारच्या आडवेळी ढकलला जातो, नाहीतर जातोच. 2015 मध्ये सरकारने मराठीसाठी प्राइम टाइम ठरवला तो दुपारी 12 ते रात्री 9. बुधवारी दुपारी बाराला कोण मोकळं असतं, हे ठरवणाऱ्यांनाच ठाऊक.

तुमच्यासाठी मधला मार्ग असा : सिनेमाचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार. म्हणजे पहिला सोमवार आणि मंगळवार पहिल्याच आठवड्यात येतात. तेव्हा सिनेमा उतरलेला नसतो आणि दर शनिवार-रविवारचे नसतात. मंगळवार गाठा. पुढच्या आठवड्याचे खेळ बुधवार-गुरुवारपर्यंत ॲपवर चढतात. तिथे तुमचा सिनेमा दिसला नाही तर गुरुवारचा शेवटचा खेळ हातात आहे असं समजा. दादरचेच आहात तर तिथल्या प्लाझा थिएटरचे दर आधी विचारा, मग मॉलकडे वळा.

आणि नव्याचाच हट्ट नसेल तर प्रभात चित्र मंडळाचं सभासदत्व घ्या. 1968 पासून मुंबईत चालणारी ही फिल्म सोसायटी सभासदांना देशोदेशीचे सिनेमे दाखवते. तिथे मध्यंतरात पॉपकॉर्नचा काउंटर नसतो, चर्चा असते; ती कधीकधी सिनेमापेक्षा लांबते, तेवढी तयारी ठेवा.