कधीमधीच लागणार, मग दूध काढायचा पंप कुठला घेऊ?

प्रश्न : ताई, मी फोंड्याची. बाळ साडेतीन महिन्यांचं, अंगावरचंच पितं. घरीच असते, पण मधेमधे पणजीला काम निघतं आणि आता चवथीची खरेदीही आहे, म्हणजे तीन-चार तास बाहेर. नवरा म्हणतो घ्यायचाच तर दोन्ही बाजूंचं एकदम काढणारा डबल इलेक्ट्रिक पंप घेऊया, जाऊ म्हणते माझा पडून आहे तो ने, सासूबाई म्हणतात कशाला ही थेरं, हाताने काढ. कुणाचं ऐकू?

उत्तर : सासूबाईंचं अर्धं ऐक. हाताने दूध काढणं शिकून घेच, फुकट आहे आणि छाती दाटून आली की कुठेही कामाला येतं. पण दर वेळी तेवढं जमेलच असं नाही, म्हणून सोबत एक साधा हाताने दाबायचा मॅन्युअल पंप घे. डबल इलेक्ट्रिक हा रोज ऑफिसला जाणाऱ्या, दिवसातून तीन-चारदा दूध काढणाऱ्या बाईसाठी, आठवड्यातून एकदा लागणाऱ्या कामाला तेवढा खर्च मला तरी पटत नाही. शिवाय पावसात आपल्याकडे करंट कधी जाईल सांगता येत नाही, मॅन्युअलला त्याचं काही नाही.

जावेचा पंप मात्र नको. घरगुती पंप बहुतेक एकीनेच वापरायचे असतात, बऱ्याच मशीनमध्ये दूध किंवा ओल नळीतून मोटरपर्यंत जाते, तिथे बुरशी धरते आणि आतून साफ करताच येत नाही, बाहेरून कितीही उकळलं तरी. नाही कसं म्हणायचं ते तू बघ, डॉक्टरांवर ढकल हवं तर!

आता खरी गोष्ट फनेलची, म्हणजे छातीला लावायच्या नरसाळ्याची. सगळ्याजणी मोटर बघतात, पण दुखतं ते चुकीच्या मापाच्या फनेलमुळे. पंपासोबत बहुतेक 24 मिमीच्या आसपासचं फनेल येतं, ते सगळ्यांना बसत नाही. निपल फनेलच्या नळीत मोकळं पुढेमागे व्हायला हवं, घासायला नको आणि भोवतीचा काळा भागही फार आत ओढला जायला नको. म्हणून वेगळ्या मापाची फनेलं सुटी मिळतात अशाच कंपनीचा पंप घे.

सकाळी पाजून झाल्यावर काढून बघ. थोडंच आलं तर घाबरू नको, बाळ ओढतं तेवढं पंपाला ओढता येत नाही, त्यावरून दूध कमी आहे असं ठरत नाही. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं म्हणतात ते 25 डिग्रीपर्यंत, आणि आपल्या खोल्या तेवढ्या थंड असतात कधी? तेव्हा लगेच फ्रीजमध्ये, दारात नाही, आत मागच्या बाजूला, तिथे चार दिवस चालतं. वर सायीसारखा थर येतो तो नासलेला नसतो, हलकेच फिरवलं की मिसळतो. गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करायचं, मायक्रोवेव्ह नको. सासूबाईंना वाटी-चमच्याने पाजायला सांग, घरात बोंडलं असेल तर तेही चालेल, उकळून घेतलेलं. बाळाने उष्टं ठेवलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर ओतून टाकायचं, जीव तुटला तरी.

आणि पणजीला जाताना पंप पर्समध्ये असू दे, बाळाची प्यायची वेळ टळली की छाती दगडासारखी होते, तेव्हा थोडं काढून टाकलं की बरं वाटतं. गाठ राहिली, लाल झालं किंवा ताप आला तर मात्र डॉक्टरांकडे जा, आणि तोवर पाजणं थांबवू नको.