कुटुंब आणि कृष्णवर्णीय ओळख यांवर अंतर्मुख होऊन बोलणारा हिप-हॉप अल्बम कोणता ऐकावा?

एकच सांगायचा तर अमेरिकी रॅपर जे-झीचा २०१७चा ‘४:४४’. दहा गाणी, जेमतेम ३६ मिनिटं. गाड्या-दागिन्यांचा बडेजाव ऐकून कंटाळला असाल तर हाच घ्या.

‘द स्टोरी ऑफ ओ. जे.’ नीट ऐका. मागे गायिका नीना सिमोनचा आवाज, तोही ‘फोर विमेन’ या वेगवेगळ्या वर्णछटांच्या चार कृष्णवर्णीय स्त्रियांवरच्या गाण्यातला. जे-झीचं म्हणणं असं की गोरटा असो वा गडद, श्रीमंत असो वा गरीब, अमेरिकेच्या लेखी तू काळाच. ‘मी काळा नाही, मी ओ. जे. आहे’ हे कृष्णवर्णीय अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनच्या नावावर खपणारं वाक्य उच्चारून तो क्षणभर थांबतो आणि नुसतं ‘ओके’ म्हणतो. त्या एका शब्दात सगळी खिल्ली आली. व्हिडिओही पाहाच: जुन्या वर्णद्वेषी कार्टूनांची शैली घेऊन त्यांच्यावरच उलटवलीय.

घरचं म्हणाल तर शीर्षकगीत म्हणजे त्यानं बायकोकडे, गायिका बियॉन्सेकडे, मागितलेली उघड माफी. ‘स्माइल’मध्ये आई ग्लोरिया कार्टर समलिंगी असल्याचं तो सांगतो आणि शेवटी ती स्वतः बोलते. ‘लेगसी’ सुरू होतं लेकीच्या प्रश्नानं: बाबा, मृत्युपत्र म्हणजे काय?

गाण्यांमधले गुंतवणुकीचे सल्ले मात्र मला थोडे अतीच वाटतात. ब्रुकलिनमधली इमारत तेव्हा घ्यायला हवी होती वगैरे. अब्जाधीशाला शोभतं, आपण ऐकून सोडून द्यायचं! पहिल्यांदा ऐकताना गाण्याचे बोल समोर ठेवा, निम्मी मजा शब्दांत आहे.