बाळाच्या कवटीतली रेघ: फ्रॅक्चर की सांधा?

प्रश्न: आमची ११ महिन्यांची मुलगी पलंगावरून पडली. रात्री कॅज्युअल्टीत सीटी स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, कवटीला बारीक फ्रॅक्चर आहे. सकाळी रिपोर्ट आला, त्यात फ्रॅक्चर नाही, रक्तस्रावही नाही. खरं कोणाचं मानायचं? पुन्हा स्कॅन काढू का?

उत्तर: ती रात्र तुम्ही कशी काढली असेल, ते मी समजू शकतो. मी रेडिओलॉजिस्ट आहे. तुमच्या मुलीचा स्कॅन पाहिलेला नाही, म्हणून निकाल देत नाही. पण एकाच रेघेवर दोन डॉक्टरांचं दुमत का होतं, ते सांगतो.

या वयात कवटी अजून एकसंध झालेली नसते. हाडं सांध्यांनी जोडलेली असतात, टाळू बहुतेकदा पुरती भरलेली नसते. शिवाय काही बाळांच्या डोक्याच्या बाजूच्या किंवा मागच्या हाडात एखादा जादा सांधा असतो. स्कॅनवर या सगळ्याच काळ्या रेघा. फ्रॅक्चरची रेघ सहसा सरळ आणि धारदार कडांची. सांधा नागमोडी, त्याच्या कडा किंचित पांढऱ्या, आणि बहुधा दुसऱ्या बाजूलाही तसाच सांधा. 'बहुधा' म्हणतो, कारण एकाच बाजूला जादा सांधा असलेली बाळंही असतात.

शिकाऊ असताना असाच एक सांधा मी फ्रॅक्चर म्हणून सांगितला होता. वरिष्ठांनी एवढंच विचारलं, "टेंगूळ कुठाय?" टेंगूळ उजव्या कानाच्या वर होतं, माझी रेघ डावीकडे. त्या आईला मी विनाकारण रडवलं, ते आजही सलतं. तेव्हापासून मी हाडाआधी कातडीखालची सूज शोधतो; ताज्या फ्रॅक्चरवर ती बहुतेक वेळा असतेच.

रात्री घाईत आडव्या कापांवरच नजर जाते. सकाळी त्याच स्कॅनमधून कवटीचं थ्रीडी चित्र बनवून सबंध रेघ बघता येते. कधी उलटंही घडतं: कापाला समांतर गेलेली चीर आडव्या चित्रांतून निसटते आणि थ्रीडीत सापडते.

मात्र माझा जीव टांगणीला लागतो तो हाडासाठी नाही, आतल्या रक्तासाठी. ताजं रक्त पांढरं दिसतं. ते कवटी आणि मेंदूचं बाहेरचं आवरण यांच्यामध्ये साठलं तर भिंगासारखं फुगीर, आवरणाच्या आत पसरलं तर चंद्रकोरीसारखं. यातही फसगत होते. बाळाच्या मेंदूत पाणी जास्त असल्यामुळे तो काळसर दिसतो, आणि दोन अर्धांमधला नेहमीचा पडदाच त्यापुढे रक्तासारखा पांढरा वाटतो.

तुमच्या रिपोर्टात रक्तस्राव नाही. मुलगी नेहमीसारखी खेळत, दूध पीत असेल, तर ती रेघ पुढे साधी चीर ठरली तरी शस्त्रक्रिया सहसा लागत नाही. ती आपोआप भरते. फक्त दोनेक महिन्यांनी डोकं पुन्हा तपासून घ्यायचं, कारण क्वचित अशी चीर रुंदावत जाते.

निव्वळ खात्रीसाठी दुसरा स्कॅन काढू नका. उगाच किरणोत्सर्ग, आणि तो या वयात जास्त जपून वापरायचा. २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये उत्तर अमेरिकेतल्या २५ इमर्जन्सी विभागांचा अभ्यास आला. डोक्याला मार लागलेल्या ४२,४१२ मुलांपैकी मेंदूला गंभीर इजा ३७६ जणांना होती, आणि मेंदूची शस्त्रक्रिया लागली ६० जणांना. वारंवार उलट्या, जागी न होणं, झटका, टाळू फुगणं, टेंगूळ वाढत जाऊन मऊ पडणं, यातलं काहीही दिसलं तर मात्र तडक दवाखाना गाठा.

एरवी आहे त्या स्कॅनची सीडी घ्या आणि बालरेडिओलॉजीचा अनुभव असलेल्या डॉक्टरांना दाखवा. टेंगूळ नेमकं कुठे होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते कागदावर लिहून सीडीसोबत द्या, फोटो असेल तर तोही. स्कॅनच्या फॉर्मवर बऱ्याचदा नुसतं 'पडून लागलं' एवढंच लिहिलेलं असतं.