लोडरच्या सिलिंडरमधून तेल गळते आणि हात आपोआप खाली येतात. सील किट आणून घरीच दुरुस्ती करता येईल का?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. लोडरचे पुढचे हात उचलणाऱ्या दोन सिलिंडरांपैकी एकाच्या तोंडापाशी आत-बाहेर सरकणाऱ्या रॉडवरून तेल ओघळते, यंत्र बंद करून ठेवले की हात हळूहळू खाली येतात, आणि घरच्या शेडमध्ये सील बदलायचे ठरवले तर दुसऱ्या सिलिंडरचेही सील आत्ताच बदलावे का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. सर्वांत आधी एक विनंती करतो: हात वर ठेवून यंत्र उभे करणे आजपासूनच थांबवा. बकेट जमिनीवर टेकलेली नसेल, तर त्या हातांखालून कोणी क्षणभरही जाता कामा नये.

अवजड यंत्रांचे सिलिंडर उघडण्याचे काम मी करत आलो आहे आणि माझे उत्तर असे आहे की, रॉड सरळ असेल, सिलिंडरची नळी आतून शाबूत असेल आणि रॉडच्या आतल्या टोकाला पिस्टन धरून ठेवणारा नट सोडवण्याइतकी साधने तुमच्याकडे असतील, तर हे काम घरी नीट होते. मात्र सील क्वचितच आपणहून निकामी होते. रॉडवरचा ओरखडा, झिजलेली गाइड रिंग (रॉड किंवा पिस्टनला मधोमध धरणारी रिंग), तेलातील कचरा, अतिउष्णता किंवा वाकलेला रॉड यांपैकी कोणीतरी त्याला खराब केलेले असते, आणि तो दोष तसाच ठेवून नवे सील बसवले तर तेही लवकरच गळू लागते. म्हणून जुने सील का गेले हे शोधण्याला सील बदलण्याइतकाच वेळ द्या.

आधी गळती नेमकी कुठे आहे ते पाहा. सिलिंडरचे तोंड धुऊन पूर्ण कोरडे करा, यंत्र थोडे चालवा आणि मग बंद करून निरखून पाहा. रॉड आणि ग्लँड (नळीचे तोंड बंद करणारे, रॉड ज्यातून सरकतो ते झाकण) यांच्या मधून तेल येत असेल तर रॉड सील गेले आहे. ग्लँड आणि नळी यांच्या सांध्यातून येत असेल तर आतली स्थिर ओ-रिंग (गोल रबरी रिंग) गेली आहे, आणि होज पाइपच्या जोडातून किंवा वेल्डिंगच्या रेषेतून येत असेल तर सील किटचा काहीच उपयोग नाही. रॉडवर तेलाचा अगदी पातळ थर राहणे स्वाभाविक आहे, कारण त्याच थरावर सील सरकते. थेंब धरून खाली पडू लागले की ती गळती समजावी. सेकंदाला एक थेंब ही गळती किरकोळ वाटली तरी दिवसभरात ती सुमारे ४ लिटरपर्यंत जाते.

हे पाहताना बोटाने चाचपून गळती शोधू नका. या यंत्रांत २०० बार किंवा त्याहून जास्त दाब असतो, आणि सुईएवढ्या छिद्रातून निघणारी तेलाची धार ७ बारच्या आसपासच्या दाबालाही त्वचेत शिरू शकते. जखम सुरुवातीला टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही, आणि म्हणूनच माणूस दुर्लक्ष करतो. आत मात्र तेल पसरून ऊती मरू लागतात आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. संशयाच्या जागी पुठ्ठा धरून पाहावे, आणि तेल अंगात शिरल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालयात जाऊन "दाबाखालचे हायड्रॉलिक तेल शिरले आहे" असे स्पष्ट शब्दांत सांगावे.

आता हात खाली येण्याकडे वळू. पिस्टनचे सील गेले म्हणून हात खाली येतात, असे सर्रास सांगितले जाते, पण एवढेच कारण पुरेसे नसते. हातांचे वजन रॉडला आत ढकलते. पिस्टनवरून तेल मागच्या बाजूने रॉडच्या बाजूला गेले, तरी रॉड आत शिरताना स्वतःची जागा व्यापतो; त्यामुळे तेल आत-बाहेर जाण्याची सिलिंडरची दोन्ही तोंडे खरोखर बंद असतील तर आतल्या तेलाला मावायला जागाच उरत नाही आणि हात किंचित उतरून थांबतात. ते खालीच येत राहत असतील, तर तेल कुठून तरी बाहेर जात आहे: लिव्हरने चालणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलपाशी (तेलाची दिशा बदलणाऱ्या सरकत्या दांड्यापाशी), त्याच्या जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून, किंवा तुमच्या बाबतीत ग्लँडमधून. पिस्टनचे सील गेल्यावर दोन्ही बाजूंचा दाब समान होतो आणि हातांचे सगळे वजन फक्त रॉडच्या क्षेत्रफळावर पेलले जाऊ लागते. नळीचा आतला व्यास १०० मिमी आणि रॉड ६० मिमी असेल तर दाब पूर्वीच्या सुमारे पावणेतीन पट होतो, आणि हा वाढलेला दाब यंत्र बंद असतानाही रॉड सीलवर येतो. त्यामुळे तुमची गळती आणि हातांचे उतरणे ही दोन्ही लक्षणे एकाच दोषाची असू शकतात. तरीही व्हॉल्व्हला निर्दोष धरू नका. स्पूल आणि त्याच्या घरामधली फट धातूला धातू लागूनच बंद होते, तिथून थोडे तेल नेहमीच सरकते, आणि जुन्या व्हॉल्व्हमध्ये ते प्रमाण वाढते.

याचा निवाडा सिलिंडर काढल्यावर, पण उघडण्यापूर्वी करता येतो. रॉड पूर्ण आत घ्या, रॉडच्या बाजूच्या तोंडाला गेज असलेला हातपंप जोडा, मागचे तोंड उघडे ठेवून हळूहळू दाब द्या. मागच्या तोंडातून तेल येत राहिले तर पिस्टनचे सील गेले आहे. ते कोरडे राहिले, दाब टिकला आणि ग्लँडपाशीही काही झिरपले नाही, तर दोष व्हॉल्व्हकडे शोधावा. याच्या उलट चाचणी, म्हणजे रॉडच्या बाजूचे तोंड बूच लावून बंद करून मागून दाब देणे, कधीही करू नका. पिस्टनच्या दोन बाजूंचे क्षेत्रफळ वेगळे असल्यामुळे वरच्याच मापाच्या सिलिंडरमध्ये मागे दिलेले २०० बार रॉडच्या बाजूला ३१० बारच्या पुढे जातात आणि ग्लँड किंवा नळी फुटू शकते.

सिलिंडर काढण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवा, चाकांना अटकाव लावा, इंजिन बंद करा आणि सगळे लिव्हर दोन्ही दिशांना अनेकदा हलवून अडकलेला दाब सोडवा. तेलाच्या टाकीचे झाकणही हळू उघडून आतला दाब जाऊ द्या. हातांना खालून लोखंडी किंवा भक्कम लाकडी टेकू द्यावा. जॅकच्या भरवशावर ते ठेवू नयेत. होज पाइप सोडताच त्यांना आणि सिलिंडरच्या तोंडांना बूच लावा. व्हॉल्व्ह आणि पंप यांच्यातील फटी काही मायक्रॉनच्याच असतात, आणि माणसाच्या डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनपेक्षा बारीक कण दिसत नाही. म्हणजे डोळ्याला स्वच्छ दिसणारी जागा या यंत्रणेसाठी स्वच्छ असेलच असे नाही. पिन काढताना ती ज्यात बसते ते बुशही पाहा. बुश एका बाजूला झिजले असेल तर रॉड तिरका ओढला जातो आणि सील एकाच अंगाने खाल्ले जाते.

ग्लँड तीन प्रकारे बसवलेली आढळते. आट्यांची असेल तर तिला फिरवण्यासाठी खाचांत किंवा छिद्रांत बसणारा पाना लागतो, आणि त्याआधी तिला अडकवणारा छोटा स्क्रू किंवा खाचेत वाकवलेला पत्रा सोडवावा लागतो. हे न पाहता जोर लावला की आटे जातात. बोल्टांची असेल तर काम सर्वांत सोपे. तिसऱ्या प्रकारात ग्लँड आधी आत ढकलून आतली तारेची रिंग काढावी लागते. पिस्टन बाहेर काढण्यासाठी दोन्ही तोंडे उघडी ठेवून, नळी घट्ट बांधून रॉड चेन ब्लॉकने सरळ रेषेत ओढावा. दाबाच्या हवेने तो बाहेर काढण्याचा प्रकार मी पाहिला आहे आणि तो अत्यंत घातक आहे: हवा दाबली जाते, अडकलेला पिस्टन एकाएकी सुटतो आणि जड रॉड समोरच्या माणसाच्या दिशेने सुटतो.

घरच्या कामाची खरी कसोटी पिस्टनच्या नटापाशी लागते. हा नट हजार न्यूटन-मीटरच्या पुढच्या टॉर्कने आवळलेला असू शकतो आणि अनेकदा त्याला आटे चिकटवणारे द्रवही लावलेले असते. जास्त ताकदीचे असे द्रव सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावरच मऊ पडते. तापवण्याआधी सगळी सील कापून काढा आणि तेल पुसून घ्या, कारण काही सील फ्लोरीनयुक्त पदार्थांची असतात व ती जळली की विषारी वायू आणि त्वचेला भाजणारे अवशेष निर्माण होतात. रॉड धरताना चकाकत्या भागाला व्हाइस लावू नका. त्याच्या टोकाच्या डोळ्यात जाड पिन घालून तो अडवा. छिन्नी-हातोड्याने नट फिरवण्यापेक्षा एवढे एक काम ज्याच्याकडे टॉर्क वाढवणारा पाना आहे अशा वर्कशॉपमध्ये करून घेणे शहाणपणाचे आहे, कारण जोडतानाही त्याच टॉर्कची गरज पडणार आहे आणि कमी आवळलेला नट कामाच्या मध्येच सुटला तर पिस्टन नळीतच राहतो.

जुनी सील फेकू नका, क्रमाने मांडून ठेवा. ती काढण्याआधी प्रत्येकाच्या ओठाची दिशा दाखवणारी छायाचित्रे घ्या. सील कडक होऊन तडकले असेल तर तेल फार तापत होते किंवा सीलचे वय झाले होते. लिबलिबीत होऊन फुगले असेल तर तेल चुकीचे आहे. मागची कड कुरतडल्यासारखी दिसत असेल तर ते दाबाने फटीत घुसत होते, आणि त्याचे मूळ बहुधा झिजलेल्या गाइड रिंगमध्ये असते. लांबीच्या दिशेने रेषा असतील तर रॉड किंवा नळी ओरखडलेली आहे किंवा धूळ अडवणारा वायपर निकामी झाला आहे. एकाच बाजूची झीज वाकलेल्या रॉडकडे किंवा त्या बुशकडे बोट दाखवते.

मग रॉड. त्याच्यावरचा क्रोमचा थर साधारण २० ते ३० मायक्रॉनच असतो, त्यामुळे तो घासून सरळ करण्याची कल्पना सोडून द्या. नख अडकत नसेल तर ओरखडा सहसा चालून जातो. ठोक लागून वर आलेली कड बारीक तेलदगडाने फक्त तेवढ्याच जागी उतरवावी आणि लांबीच्या दिशेने न घासता परिघाच्या दिशेने घासावे, कारण लांबीची रेष ही तेलाला बाहेर येण्याची वाटच होय. क्रोमखाली गंज फुटून खड्डे पडले असतील किंवा पापुद्रे सुटत असतील, तर रॉड पुन्हा क्रोम करून घ्यावा किंवा नवा करावा. दोन व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून बारीक फरक दाखवणाऱ्या डायल गेजखाली रॉड फिरवला की वाक लगेच कळतो. नळीत आतून प्रकाश टाकून पाहा. नखाला लागणारी रेष किंवा मध्येच फुगलेला भाग दिसला तर होनिंग करणाऱ्याकडे (नळी आतून घासून गुळगुळीत करणाऱ्याकडे) न्यावे, आणि तिथे त्याने नळी बाद केली तर ते ऐकावे.

सील किट यंत्राच्या अनुक्रमांकावरून किंवा नळीवर कोरलेल्या क्रमांकावरून घ्या. ते शक्य नसेल तर जुन्या सीलऐवजी त्याची खाच मोजा, कारण वापरलेले सील आकसलेले किंवा पसरलेले असते. किटमधली गाइड रिंग टाळून फक्त सील बदलण्याची चूक करू नका. सीलचा उघडा ओठ नेहमी दाबाकडे असावा, वायपरचा ओठ बाहेर धुळीकडे असावा आणि ओ-रिंगला फटीत घुसू न देणारी तिच्यासोबतची बॅक-अप रिंग दाबाच्या विरुद्ध बाजूला बसावी. ग्लँडमधले रॉड सील बोटांनी घेवड्याच्या दाण्यासारखे मुडपून खाचेत सोडावे. फारच ताठ असेल तर गरम पाण्यात ठेवून मऊ करावे. पिस्टनवरची टेफ्लॉनची रिंग गरम करून ताणून बसवली की ती सैल दिसते, म्हणून तिला गुळगुळीत पट्टीने काही वेळ आवळून मूळ मापावर आणावे लागते. टोकदार स्क्रू ड्रायव्हर या कामात जवळही ठेवू नये.

पिस्टन परत घालताना नवे सील कापले जाण्याच्या दोन जागा असतात: नळीच्या तोंडाचे आटे आणि आतल्या बाजूला तेलाच्या छिद्राची कड. आट्यांवर पातळ प्लॅस्टिकचा पत्रा गुंडाळून आत सरकवा, छिद्राची कड बोटाने तपासून धार असेल तर मोडा आणि निघालेला कीस पूर्ण पुसून काढा, सगळ्याला तेच हायड्रॉलिक तेल लावा आणि ठोकत न बसता सरळ दाबाने पिस्टन आत न्या. अडकला तर थांबा, बाहेर काढा, सील पाहा.

यंत्रावर चढवल्यावर इंजिन मंद ठेवून, बकेट रिकामी ठेवून आणि दोन्ही टोकांपर्यंत न जाता सिलिंडर हळूहळू अनेकदा हलवा. आत राहिलेली हवा एकदम दाबली गेली तर ती इतकी तापते की तेलाची वाफ पेटून सील जळते. नवे सील पहिल्याच दिवशी जाण्याचे हे एक ठळक कारण आहे. त्यानंतर टाकीतील तेलाची पातळी हात खाली असताना पाहा आणि काही तासांच्या कामानंतर ग्लँड पुन्हा तपासा.

दुसऱ्या सिलिंडरबद्दल तुम्ही विचारले आहे, त्याचे उत्तर पहिल्याच्या जुन्या सीलमध्ये मिळेल. ते उष्णतेने किंवा वयाने कडक झालेले असेल, किंवा तेलाने फुगलेले असेल, तर दुसऱ्यातील सीलही तेच तेल आणि तेवढेच तास सोसून आहे. ते आत्ताच बदला आणि तेलाचे व फिल्टरचेही पाहा. पण ते रॉडवरच्या एका ओरखड्याने किंवा एका झिजलेल्या बुशने गेले असेल, तर दुसरा सिलिंडर उघडू नका, फक्त त्याचा रॉड आणि बुश तपासून ठेवा.