गाळ कुठे गेला, ते विचार

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

पहाटे पाठवलेला तुझा व्हिडिओ मी तीन वेळा पाहिला. पोट वर करून तरंगणारी बोय, मधूनच काळुंदर, आणि ओहोटीच्या चिखलात पडलेले निवटे. निवटा किती चिवट असतो ते तुला मी काय सांगणार, पाण्याबाहेरसुद्धा तो तासन्‌तास जगतो. तो मेला म्हणजे काहीतरी भयंकर आलं होतं खाडीत. मागून तुझा आवाज येतो, "काका, बघा हे," आणि मग तू गप्पच होतेस. संध्याकाळी तू लिहिलंस की व्हिडिओ तालुकाभर फिरला, दोन चॅनेलवाले येऊन गेले, आमदारांचा फोन आला. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या सांडपाण्यावर संशय आहे, आता पुढे काय करू, असं विचारलंयस.

उत्तर लांबलचक आहे, पण त्याआधी मला तुला काहीतरी सांगायचंय. ते न सांगता सल्ला दिला तर तो खोटा ठरेल.

मी एका केमिकल कंपनीत, तुमच्या जिल्ह्याबाहेर, अनेक वर्षं ईटीपीवर होतो. सांडपाणी शुद्ध करायचं युनिट. कागदावर सगळं छान होतं: आधी सगळं पाणी एका टाकीत गोळा करायचं, चुना घालून आम्लता मारायची, गाळ खाली बसू द्यायचा, मग हवा सोडलेल्या टाकीत जिवाणूंकडून उरलेली घाण खाऊन घ्यायची. प्रत्यक्षात रात्री ब्लोअर बंद असायचा, वीज वाचवायला. हवा नाही म्हणजे टाकीतले जिवाणू मरतात, पाणी काळं पडतं. पावसाळ्यात ढग दाटून आले की आमचा सुपरवायझर शेडपाशी येऊन नुसता वर बघायचा. बोलायची गरज नसायची. सरींचा जोर वाढला की बायपासचा वॉल्व उघडायचा, आणि आठवडाभर साठलेलं पाणी नाल्याच्या पुरात मिसळून जायचं. तो वॉल्व मी माझ्या हाताने उघडलाय. महिनाअखेरीला मी एका बैठकीत तीस दिवसांचं लॉगबुक भरायचो. पाण्याची आम्लता सांगणारा पीएच ७.२, ७.४, ७.१. पेनं बदलत जा, असं मला बजावून ठेवलेलं होतं. मी बदलत होतो. घरी दोन मुली शाळेत होत्या, आणि खाली नाल्याकाठच्या विहिरींवर कुणाच्या मुली पाणी भरत असतील हा विचार मी करत नव्हतो. त्याची टोचणी अजून आहे. म्हणून आज तुझ्यासारखं कुणी विचारतं तेव्हा हातचं राखून न ठेवता जे माहीत आहे ते सगळं सांगतो.

तर पहिली गोष्ट. मासे पहाटेच का मेले? दिवसा पाण्यातलं शेवाळ ऊन खाऊन प्राणवायू सोडतं. रात्री ते बंद होतं, सगळे जीव मात्र श्वास घेतच असतात. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. त्यात वरून सेंद्रिय घाणीचा लोंढा आला की ती कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायूही संपवतात. मरण्याआधी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते का, ते तुझ्या बाबांना विचार. करत असतील तर प्राणवायू संपला होता. न तडफडता एकदम मेले असतील, कल्ल्यांचा रंग बदलला असेल, आणि निवटे तर मेलेले दिसतातच, तर विषारी काहीतरी आलं होतं असा संशय धरायला जागा आहे. बाबांनी जे पाहिलं ते त्यांच्याच शब्दांत, वेळ घालून, आजच्या आज लिहून घे. चार दिवसांनी त्यांनाही नीट आठवणार नाही.

तू बी.एस्सी. केमिस्ट्री केलंयस. पाण्यातला प्राणवायू तपासायची विंकलरची टेस्ट प्रॅक्टिकलला केली असशील आणि परीक्षेनंतर विसरली असशील. आता तीच उपयोगी पडेल. काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून बुडबुडा न राहता भरायची, तिथेच काठावर मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं. साका तपकिरी आला तर पाण्यात प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर नाही. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, काठावर उभ्या असलेल्या वीस माणसांना ते डोळ्यांनी दिसतं. माशांच्या वाढीसाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं वर्गीकरण सांगतं. पांढरा साका म्हणजे त्यातलं काहीच उरलेलं नाही.

पण एक लक्षात ठेव, तुझा नमुना तुझ्या माहितीसाठी आहे. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना कसा घ्यायचा हे १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ मध्ये लिहून ठेवलेलं आहे: कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, सील करायचं, सह्या घ्यायच्या. एक पायरी चुकली की कोर्टात तो रिपोर्ट पुरावा म्हणून चालत नाही, आणि कंपनीचा वकील नेमकी तीच चुकलेली पायरी शोधत असतो. म्हणून राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी येईल तेव्हा तू तिथे हजर राहा. भांडू नकोस. वेळ, जागा, बाटल्यांची संख्या, सील केलं की नाही, बर्फात ठेवलं की नाही, एवढं वहीत लिही. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो तो आकडा. त्याचा नमुना गार ठेवून लवकर लॅबला पोचला नाही तर घाण वाटेतच कुजते आणि आकडा खाली येतो. चांगल्या अधिकाऱ्यालाही अशा साक्षीदाराचा आधारच वाटतो, हे मी पाहिलंय.

मेलेल्या माशांचा पंचनामा झाला का? व्हिडिओ फिरला, पण पंचनाम्याबद्दल तू अवाक्षर लिहिलं नाहीस, म्हणून काळजी वाटते. तलाठी, मत्स्यव्यवसाय खात्याचा माणूस, सरपंच, दोन पंच. मासे बर्फात घालून ठेवा. चॅनेलवाल्यांना उद्या दुसरी बातमी मिळेल, पंचनाम्याचा कागद मात्र दहा वर्षांनीही तसाच राहील.

आता गाळाकडे येतो. पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहितोय.

कंपनी तुला लॉगबुक दाखवेल, नाहीतर गेटवरच्या बोर्डावरचे आकडे दाखवेल. बीओडी ३० च्या आत, सीओडी, म्हणजे तीच घाण रसायनाने मोजलेली, २५० च्या आत. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस, ते आकडे माझ्यासारख्यांनीच भरलेले असू शकतात. तू गाळ विचार. केमिकल कारखान्याचं सांडपाणी खरोखर शुद्ध झालं तर त्यातून गाळ निघतोच, निघाल्याशिवाय राहत नाही. पाण्यातून काढलेली घाण कुठेतरी साठायलाच हवी. हा गाळ २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत मोडतो, सर्वसाधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त आवारात ठेवता येत नाही, तो तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रावर पाठवावा लागतो, प्रत्येक खेपेला मॅनिफेस्ट, म्हणजे किती गाळ कुठून कुठे गेला त्याचा कागद, असतो, आणि दरवर्षी ३० जूनच्या आत फॉर्म ४ मध्ये मंडळाला हिशोब द्यावा लागतो. म्हणजे सरकारदरबारी त्याची नोंद असते. लॉगबुक एका बैठकीत भरता येतं, पण ट्रक, वजनकाटा, दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्राची पावती हे सगळं एका बैठकीत जमवणं फार अवघड असतं.

तेव्हा माहिती अधिकारात अर्ज टाक, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. त्यात एवढंच माग: वसाहतीतल्या त्या-त्या कंपनीला मंडळाने दिलेलं कारखाना चालवायचं संमतिपत्र, मागच्या पाच वर्षांचे फॉर्म ४, ३० सप्टेंबरपर्यंत भरायचं वार्षिक पर्यावरण विवरण म्हणजे फॉर्म ५, आणि गाळाचे मॅनिफेस्ट. "प्रदूषणाबाबत सर्व माहिती द्यावी" असं लिहिलंस तर तुला काहीच मिळणार नाही. कागदाचं नाव घालून मागितलास तर ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. संमतिपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावरही सापडतात, ती आधी काढ. त्यात रोज किती पाणी वापरायचं, किती सोडायचं, कोणतं उत्पादन किती टन, सगळं असतं. मग एका कागदावर उभे रकाने आखून बस: उत्पादन, पाणी, सांडपाणी, गाळ. उत्पादन दुप्पट झालं आणि गाळ तेवढाच राहिला, किंवा निम्मा झाला, तर तुझा प्रश्न तयार झाला. मी ज्या वर्षी सर्वांत जास्त वेळा तो वॉल्व उघडला त्या वर्षी आमच्या कंपनीचा गाळ सर्वांत कमी होता. कुणी विचारलं असतं तर आमच्याकडे उत्तर नव्हतं. कुणी विचारलं नाही.

तुला सांगतील, सगळ्यांचं पाणी सांडपाणी शुद्ध करायच्या एका सामायिक केंद्रात जातं, मग दोषी कोण हे कसं कळणार? ही पळवाट जुनी आहे. पालघर जिल्ह्यात तारापूर औद्योगिक वसाहतीच्या प्रदूषणाविरुद्ध मांगेला समाजाची संघटना हरित लवादाकडे गेली, तेव्हा लवादाने एकट्यादुकट्याला नाही, शंभराच्या आसपास कारखान्यांना आणि सामायिक केंद्रालाही भरपाईच्या आदेशात धरलं. मासेमारी करणारी माणसंच गेली होती तिथे, तुझ्या बाबांसारखी.

लवादाच्या मुदती पाठ करून ठेव. पर्यावरणाचा प्रश्न घेऊन जायचं तर घटनेपासून सहा महिने, फार तर आणखी साठ दिवस. नुकसानभरपाई मागायची तर पाच वर्षं. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे, वकील न देता स्वतःही उभं राहता येतं. सहा महिने फार वाटतात, पण अर्ज, स्मरणपत्र, अपील यातच ते निघून जातात. आजची तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही.

आणि निकाल लागला म्हणजे संपलं असं समजू नकोस. उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. तिथे एच-ॲसिड, म्हणजे रंग बनवायला लागणारं रसायन, बनवणाऱ्या कारखान्यांनी घातक गाळ उघड्यावर टाकला, तो पावसात मुरला आणि विहिरींचं पाणी रंगीत झालं. ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरायची, त्याचा खर्च त्यानेच द्यायचा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. पैसे भरू नयेत म्हणून कंपन्या अर्जामागून अर्ज करत राहिल्या. २०११ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला, ३७ कोटी रुपयांहून अधिक, वर चक्रवाढ व्याज. मधली पंधरा वर्षं गावाने काय प्यायलं असेल? तुमच्याकडेही कदाचित कारखाना बंद करण्याचा आदेश निघेल, वीजपाणी तोडलं जाईल, पेढे वाटले जातील. तेव्हा तू पेढा खा आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा अर्ज टाक: कारखाना परत सुरू करायची परवानगी कोणत्या अटींवर दिली, बँक गॅरंटी किती घेतली. बंदचा आदेश सगळे वाचतात, सुरू करण्याचा कुणी वाचत नाही.

तुझा मामेभाऊ त्याच वसाहतीत कंत्राटी कामाला आहे, हे मला माहीत आहे. त्याच्याकडून कागद किंवा फोटो मागू नकोस, कितीही मोह झाला तरी. त्याची नोकरी जाईल आणि घरात तुझ्यावर कायमची नाराजी येईल. त्याला एवढंच विचार, मास्क मिळतो का, खोकला आहे का. स्फोट होतो, वायू गळतो तेव्हा पहिला तोच सापडतो. पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे-परशुरामच्या वसाहतीबद्दल आणि दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांबद्दल लिहिलेलं आहे, ते मिळवून वाच. कारखान्याने दिलेले रोजगार सगळे मोजतात, खाडीने दिलेले आणि आता गेलेले कुणाच्या हिशोबातच नसतात.

कंपनीची माणसं गावात येतील. शाळेला संगणक, देवळापुढे पेव्हर ब्लॉक, गणपतीला वर्गणी. गावाने काय घ्यावं हे गाव ठरवेल. तू फक्त ग्रामसभेत एक वाक्य ठरावात लिहून घे: ही मदत खाडीच्या नुकसानीची भरपाई नाही. सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायचा खर्च, नफ्यातून दिला जातो. भरपाई नुकसानीची असते, ती वेगळी मोजायची.

आणि ती मोजायची कशी, इथेच आपली माणसं हरतात. कोर्ट विचारतं, आधी किती मासळी मिळायची? आपण म्हणतो, भरपूर. भरपूर हा आकडा नाही. म्हणून उद्यापासून घरात एक वही ठेव. बाबा रोज किती वाजता पाग टाकायला गेले, भरती होती की ओहोटी, कोणता मासा, किती किलो, बाजारात किती रुपये आले. काही मिळालं नाही तर शून्य लिही, रकाना रिकामा ठेवू नकोस. मच्छीमार सोसायटीत जुन्या विक्रीच्या पावत्या पडल्या असतील, कितीही मळलेल्या असल्या तरी त्या आण. आजीला विचार, कोणत्या साली कालवं मिळायची बंद झाली. तिला साल सांगता येणार नाही, पण तुझ्या आत्याच्या लग्नाच्या आधी की नंतर, हे ती बरोबर सांगेल, आणि लग्नाची पत्रिका घरात असेलच.

येत्या अमावस्येला मी येतोय. उधाणाची ओहोटी लागली की सांडपाण्याच्या पाइपाचं तोंड उघडं पडेल, तेव्हा आपण दोघं तिथे असू. दोन बीओडी बाटल्या मी घेऊन येतो, बर्फाचा डबा तू बघ. आणि बाबांना सांग, होडी त्यांनीच न्यायची. पाणी कुठे आणि कसं वळतं ते त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

तुझा,
काका